जनरेटर उचलायचा की बसवायचा?

...आणि वर लोक विचारतात, महादेवराव, आत गरम तर नाही ना होऊन राहिलं? अहो, गरम कसलं? स्वेटर घातलाय त्या माणसानं! मे महिना, दुपारचे दोन, धरमपेठेतली गल्ली, रस्त्याचं डांबर लोकांच्या चपलेला चिकटून त्यांच्या घरी मुक्कामाला चाललेलं, आणि महादेवराव आपल्याच दारात, आपल्याच गाडीत, आपल्या बायकोपासून चार हातांवर, पचमढीसाठी घेतलेला लोकरी स्वेटर घालून कोंडले गेलेत. बाहेर यायला वाट नाही, आत जायला वाट नाही, एसी सोळावर अडकलेला, कारण रिमोट बायकोच्या पर्समध्ये आणि पर्स बाहेर. आणि हे सगळं कशापायी? तुम्हाला सांगतो, इतक्या साध्या प्रश्नापायी आजवर कोणी कोंडलं गेलं नसेल: जनरेटर उचलायचा की बसवायचा?

आता तुम्ही म्हणाल, जनरेटर कशाला हवा होता? हं, तेही बरोबर. पण महादेवरावांचा धंदा ठाऊक आहे ना? कूलर! एकतीस वर्षं कूलरचं दुकान. अर्धी धरमपेठ त्यांच्या कूलरसमोर झोपते. आता कूलरवाल्याला उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे हलवायाला दिवाळीची सुट्टी. जग थंड हवेला जाऊन राहिलं आणि हे आपले गिऱ्हाइकाच्या गच्चीवर पंप बदलून राहिले. गोपिकाबाईंनी एकतीस वर्षांत प्रवास केला नाही असं नाही, केला, पण तो कोणाचं लग्न, कोणाची तेरवी, कोणाची वास्तू. जिथं गेल्या तिथं पदर खोचून पोळ्या लाटल्या आणि परत आल्या. यंदा पोरानं, पियुषनं, दुकान हातात घेतलं, आणि गोपिकाबाई एकच वाक्य बोलल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, भेंडी चिरता चिरता बोलल्या.

"एकतीस उन्हाळे म्या लोकाईच्या घरी कूलर जाताना पाह्यले. औंदा मले जाचं आहे."

संपलं. महादेवरावांनी चहा खाली ठेवला आणि नकाशा काढला.

जायचं ठरलं पचमढीला. पण पचमढीच्या रस्त्यावर सावनेर लागतं, सावनेरहून हाकेच्या अंतरावर खापा, आणि खाप्यात गोपिकाबाईंचे भाऊ गणपतराव. आता तुम्हाला वेगळं काय सांगू, आपल्याकडं नातेवाइकाच्या गावावरून न जेवता पुढं जाणं म्हणजे पोलीस केसच! जेवलात की झोप काढा, झोपलात की चहा घ्या, चहा घेतला की आता रात्रीचं कुठं जाता... सन दोन हजार अकरात महादेवराव असेच तासाभरासाठी खाप्याला उतरले होते, ते चौथ्या दिवशी सुटले. म्हणून त्यांनी डोकं चालवलं. गाडीतच घर करायचं! झोपायला पलंग आहे, स्वयंपाकाला ओटा आहे, थंडावा आहे, मग उतरायचं कारणच काय? एका शाळेची जुनी पिवळी मिनीबस मिळाली, बाकडी काढली, पलंग टाकला, एसी लावला. आणि एसी म्हटलं की वीज आली, वीज म्हटली की जनरेटर आला, आणि जनरेटर म्हटलं की... आला ना तोच प्रश्न? उचलायचा की बसवायचा?

शेजारचे वामनराव उचलायच्या पक्षाचे. त्यांचं म्हणणं, माणसानं सुटसुटीत असावं, पेट्रोलचा छोटा जनरेटर डिक्कीत टाकावा, मुक्कामाला उतरवावा, गाडीपासून लांब ठेवावा, दोरी ओढावी, काम झालं की परत आत. बिघडला तर हातात घेऊन मिस्त्रीकडं जाता येतं, अख्खी गाडी न्यावी लागत नाही. मुद्द्याचं बोलायचे वामनराव, पण आजवर त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लाससुद्धा उचललेला गल्लीत कोणी पाहिलेला नाही.

तरी महादेवरावांनी एकाचा जनरेटर मागून आणला आणि एका रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर चाचणी घेतली. वजन म्हणाल तर मधल्या वयाच्या बोकडाएवढं, आणि बोकड निदान स्वतःच्या पायानं तरी उतरतो. कंबर धरून उतरवला, दहा हात लांब ठेवला, दोरी ओढली. भट्‌भट्‌भट्‌भट्‌... आणि काय सांगू तुम्हाला, पाच मिनिटांत गाडीसमोर रांग! पिवळी गाडी, बाजूला भटभटणारं यंत्र, लोकांना वाटलं उसाची रसवंती लागली. एकानं दोन ग्लास सांगितले, बर्फ कमी. एक बाई म्हणाल्या, लिंबू टाकता का जी? महादेवराव समजावून थकले. शेवटी एक गृहस्थ चिडले, धंदा करायचा नसेल तर मशीन कशाला चालू करून ठेवता? झालं, उचलायचा जनरेटर त्याच रात्री परत गेला.

मग आला कवडू. कवडू म्हणजे महादेवरावांच्या कूलरच्या लोखंडी चौकटी बनवणारा वेल्डर, हात सोन्याचे, फक्त ते हात कुठल्या दिवशी कुठल्या गावात असतील ते देवालाही ठाऊक नसतं. तो म्हणाला, काकाजी, बसवाचा घ्या, डिझेलचा, गाडीच्याच टाकीवर चालते, उचला-ठेवाची कटकट नाही, एकदा बसला का बसला. आणि त्यानं बसवला. दाराच्या पायरीखाली लोखंडी खण केला, त्यात जनरेटर. खण बाहेर ओढायचा, तेल-पाणी पाहायचं, परत आत ढकलायचा. आणि रस्त्यात तो आपोआप सरकू नये म्हणून आतून कुठंतरी एक खिट्टी. कुठं? ते कवडूला ठाऊक.

आता नीट ऐका, कारण इथंच सगळा घात आहे. गाडीतला गारवा ड्रायव्हरकडं पळू नये म्हणून कवडूनं मध्ये पत्र्याची भिंत ठोकली. मागचं दार अडवून गोपिकाबाईंचा ओटा आला. खिडक्या एसीसाठी प्लायवूडनं बंद केल्या, एक सोडून. ती एक का सोडली? कूलरसाठी! अहो, एसी आहे ना? आहे. जनरेटर आहे ना? आहे. पण ज्या माणसानं एकतीस वर्षं कूलर विकले त्याच्या गाडीला कूलर नाही म्हटल्यावर गल्लीत तोंड कसं दाखवायचं? तेव्हा खिडकीबाहेर कूलर, तोही पक्का वेल्डिंग करून. राहिलं काय? दार. ते बाहेरच्या बाजूला उघडतं. आणि त्याच्याच खाली कवडूचा खण.

निघायचा दिवस उजाडला. चारला निघायचं होतं. गोपिकाबाईंनी साडीवर पांढरे बूट घातले, फिरायचे, दोऱ्यावाले. तीन दिवसांपासून घरात घालून सवय करून राहिल्या होत्या. दीड वाजता महादेवराव आत चढून एसी पाहू लागले, कवडूनं बाहेर खण ओढला, जनरेटर चालू केला, म्हणाला, उघडा ठेवला का थंडा राहते, अर्ध्या घंट्यात आलो काकाजी. आणि गेला. महादेवरावांनी दार ढकललं. खट्ट. दार दोन बोटं उघडलं आणि जनरेटरच्या डोक्याला टेकलं.

फटीतून बोटांनी खण ढकलून पाहिला, हलेना. फोन लावला. पलीकडून बँडचा आवाज. कवडू भिवापूरला! मावसभावाचं लग्न होतं म्हणे, आणि अर्धा घंटा त्यानं लग्नाच्या हिशेबानं सांगितला होता. खिट्टी कुठं आहे रे, असं महादेवरावांनी बारा वेळा विचारलं आणि बाराही वेळा पलीकडून उत्तर आलं, हो जी, जेवलो.

बाहेर गल्ली जमली. आता तुम्हाला वाटेल, कोणी पहार आणली असेल, कोणी मिस्त्री आणला असेल. छे! दाराच्या दोन बोटांच्या फटीतून जे आत येत होतं ते फक्त मत. वामनराव फटीला डोळा लावून म्हणाले, मी तवाच सांगतलं होतं, उचलाचा घ्या. मग कोणी म्हणालं, नाही नाही, बसवायचाच बरा, पण डाव्या बाजूनं. मग तिथंच दोन तट पडले. एक माणूस आत गारठून राहिला आणि बाहेर सभा भरली: उचलायचा की बसवायचा? एकानं खिडकीचं प्लायवूड फोडायचं सुचवलं, तर आतून महादेवरावच ओरडले, प्लायवूड नवीन आहे. स्वतः कोंडलेला माणूस प्लायवूडची काळजी करतो, आता बोला.

आणि तीनच्या सुमारास लाईन गेली.

अख्ख्या गल्लीतले कूलर एका सुरात बंद पडले. ती शांतता ऐकली की नागपूरचा माणूस आधी वारा घ्यायला पुठ्ठा शोधतो. आणि त्या शांततेत एकच आवाज उरला... भट्‌भट्‌भट्‌भट्‌. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. काय सांगू, मघापर्यंत ज्याला नावं ठेवत होते त्या जनरेटरकडं लोक असे पाहू लागले जसा तो नवरदेव आहे!

पहिली वायर शोभाताईंची. समोरच्या घरात त्यांच्याकडं संध्याकाळी पंचवीस पानं होती आणि फ्रिजमध्ये दोन भगोणी आमरस. म्हणाल्या, फक्त फ्रिज वं गोपिका, रस आंबून जाईन. मग नाही कसं म्हणणार? मग एकाचा पंखा, मग एकाचा मोबाईल, मग वामनरावांचा कूलर, हो, उचलायच्या पक्षाचा कूलर बसवलेल्या जनरेटरवर! साडेचार वाजेपर्यंत नऊ वायरी. चार कधीच वाजून गेले होते. फटीतून महादेवरावांना फक्त एवढंच दिसत होतं: समोर घराच्या पायरीवर दोन पांढरे बूट, शेजारी शेजारी, नीट जुळवून ठेवल्यासारखे. हलत नव्हते. त्यांनी दोनदा हाक मारली, अवं, रिमोट तरी दे. बूट हलले नाहीत. तेव्हा मात्र तुम्हाला सांगतो, त्या माणसाला पहिल्यांदा खरी थंडी वाजली.

साडेसहाला कवडू उगवला. मिशीला भिवापुरी मिरचीचा रस्सा तसाच. वाकला, खणाखाली दोन बोटं घातली, टक्‌. जनरेटर सुरळीत आत गेला. पाच तास अख्ख्या गल्लीनं ज्याच्यावर भाषणं केली ते काम दोन बोटांचं! दार उघडलं. महादेवराव स्वेटरसकट पायरीवर आले, आणि पाहतात तर समोर शोभाताई, हातात पळी. लाईन येईपर्यंत गाडी हलवू नका जी, पानं वाढून राहिली. मागं नऊ वायरी रस्त्यावर पसरलेल्या. आणि उघड्या दारातून आतला गारवा बाहेर येताच सगळी गल्ली एक पाऊल पुढं सरकली. वामनरावांनी तर चप्पल काढली होती.

गोपिकाबाई उठल्या. वायरींकडं पाहिलं, पळीकडं पाहिलं, वामनरावांच्या चपलेकडं पाहिलं. चालत आल्या, नवऱ्याला आत लोटलं, स्वतः चढल्या आणि मागं वळून म्हणाल्या,

"कवडू, ओढ तो खण बाहेर."

"काकू, मंग दार नाही उघडाचं."

"म्हणूनच सांगून राहिली."

खट्ट.

आत अंधारलेलं, गार. गोपिकाबाईंनी पर्समधून रिमोट काढला, सोळाचा चोवीस केला. बुटांच्या दोऱ्या सोडल्या, पाय पलंगावर घेतले. मग विचारलं, आता इथं कोणी येऊ शकते का? महादेवराव म्हणाले, नाही. आपल्याले कोणी बोलावू शकते का? नाही. कोणाच्या पोळ्या लाटाच्या आहेत का? नाही. त्या बाईनं मागच्या ओट्याकडं पाठ केली आणि म्हणाली,

"मंग असू द्या. हेच पचमढी."

आणि खरंच सांगतो, दहा मिनिटं तो माणूस बायकोशेजारी बसून होता आणि एकही गिऱ्हाईक आलं नाही. लग्नापासून अशी दहा मिनिटं त्यांना मिळाली नव्हती. खालून जनरेटर थरथरत होता, त्यानं पलंग हलत होता, डोळे मिटले तर वाटावं गाडी घाटात लागली.

अकराव्या मिनिटाला कूलर वाजला.

बाहेरून कोणीतरी कूलरची वाळ्याची ताटी काढून राहिलं होतं. पंख्याखाली, पाण्याच्या टाकीवर वीतभर फट असते, त्या फटीतून आधी हात आला, मग आवाज. खाप्याचे गणपतराव! बहिणीचा नवरा, म्हणजे घरचा जावई, पचमढीला चालला, खाप्याला उतरणार नाही, ही बातमी त्यांना लागली होती, आणि गणपतराव काही राग धरणारे नाहीत. उलट म्हणाले,

"जवाईबुवा, तुमाले उतराचा त्रास नको, म्हणून आमीच आलो. अकरा जणं आहो."

आणि फटीतून, पंख्याच्या पात्यांखालून, आडवं होऊन, एक थेंब न सांडता ताट आत आलं. पाटवडी रस्सा, भात, वर तूप.

महादेवरावांनी दाराकडं पाहिलं, ते बंद. भिंतीकडं पाहिलं, ती पक्की. बायकोकडं पाहिलं, तर तिनं कधीच दुसऱ्या ताटासाठी हात पुढं केला होता. बाहेर कुठंतरी वामनराव गणपतरावांना समजावून सांगत होते की उचलायचा घेतला असता तर हे झालंच नसतं. महादेवरावांनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, पाटवडी कुस्करली, आणि कूलरमध्ये तोंड घालून विचारलं,

"रस्सा आणखीन आहे का जी?"