बोंडअळीचा सापळा

आयका बे, आज लय मजा झाली. कृषी खात्याचे साहेब आमच्या कपाशीत बोंडअळीसाठी सापळा लावून देऊन राह्यले होते. म्हणाले, "सापळ्यातल्या या गोळीला बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास असतो. त्या वासानं नर येतो आणि अडकतो. जोडीदारीणच भेटली नाही, की पुढं त्यांचा वंशच थांबतो."

बांधावर आमी सारे बिनलग्नाचे उभे. वयं चाळिशीले आली, पन पोरीवाल्यायले नोकरीवालाच पाह्यजे.

मी इचारलं, "साहेब, आमच्या गावाले हा सापळा कोनं लावला?"

साहेबासकट सारे पोट धरून हासले. अशी गोष्ट घरी गेल्या गेल्या कोनाले तरी सांगावी वाटते. मी घरी गेलो, कुलूप उघडलं, लाईट लावला. मंग परत कुलूप लावलं आन् इथं टपरीवर तुमच्याकडं आलो.