जावेच्या बाजूची खिडकी

राहुरीच्या स्टँडवर रांगेत उभ्या जयमालाचं चित्त एसटीपेक्षा पुढच्या दोघांच्या बोलण्यातच गुंतलं होतं. भागिरथीबाई किल्लीवाल्या हैदरभाईंना आपल्या गावी घेऊन निघाल्या होत्या.

“हैदरभाई, खिडकीच्या कुलपाची जुनी किल्ली मी रागानं हिरीत फेकली. मग नवी कशावरनं करनार?”

“कोरी किल्ली कुलपात घालून जोर देऊन फिरवायची, आजी. आत जिथं अडती तिथं तिच्यावर वळ उठतो. तेवढंच घासायचं, परत घालायची. फिरंपर्यंत हेच.”

“लई येळ लागंल की.”

“तोडलं तर लगेच हुईल.”

“नगं! खिडकी जावंच्या अंगनात उघडती. घाव ऐकून म्हनंल, ही पुन्हा भांडाय उठली. तिनं अंथरून धरलंय हो, बाज खिडकीखालीच टाकलीया.”

“मग दारानंच जा ना भेटायला.”

“तिच्या दारात पाऊल ठिवनार न्हाई, अशी देवापुढं शपथ घेतलीया. खिडकीची न्हाई घेतली.”

“बरं. किल्ल्या दोन करू?”

“एकच. ती खिडकीतनं जावंच्या हातात द्यायची.”

“कुलूप तुमच्या बाजूला, आन् किल्ली तिच्याकडं?”

“व्हय. किल्लीबिगर ते कुलूप लागत न्हाई. आन् माझा सोभाव मला ठावं हाय.”