चालत होतं ना, मग हात कशाला लावलास?

...आणि वर मलाच विचारतात, "लुबोर, चालत होतं ना? मग हात कशाला लावलास?" आता तुम्हीच सांगा, चालत होतं म्हणजे काय? सकाळी आमच्या ग्रामकार्यालयातल्या द्राहोमिराबाई संगणकाचं बटण दाबायच्या, कॉफी करायच्या, प्यायच्या, कप विसळायच्या, शेजारणीची सगळी खबर घ्यायच्या, तेव्हा कुठे पडद्यावर पहिलं चित्र उमटायचं... याला चालणं म्हणतात होय?

तुम्हाला सांगतो, आमचं यावोरिन्का म्हणजे चेक देशातल्या मोरावियातलं एवढंसं गाव, पण खांबाखांबावर कर्णे आहेत. आधी बँडची धून वाजते, मग सूचना. उद्या पाणी येणार नाही, कोंबड्यांची गाडी चर्चपाशी उभी आहे, कोणाचं तरी तपकिरी कुत्रं सापडलंय. हे सगळं जातं त्या एका संगणकातून. आणि त्यात लिनक्स, म्हणजे ती फुकट मिळणारी संगणकप्रणाली, घातलं कोणी? मी! रेल्वेतून निवृत्त झालेला सिग्नलवाला. पगार? छे. मला मिळाली फक्त कार्यालयाची किल्ली. पण ती किल्ली खिशात वाजवत मी बिअर प्यायला गेलो ना, की लोक बाकावर सरकून जागा द्यायचे. बेचाळीस वर्षं सिग्नल पाडून कोणी सरकलं नव्हतं.

तर तो संगणक पार म्हातारा, आणि त्याच्यावरचा डेस्कटॉप, पडद्यावरचा सगळा देखावा हो, म्हणजे नुसता थाट. खिडकी उघडली की हलत डुलत येणार, बंद केली की विरघळत जाणार, आणि एवढ्या नखऱ्यात बँडच्या धुनीला उचक्या लागायच्या. सूचना तर कोणाला धड कळायचीच नाही. ओढ्यापलीकडे माझे सासरे राहतात, आलोइसबाबा, ते म्हणायचे, "तुमचा कर्णा नुसता घूं घूं करतो. कोणी मेलं तरी आम्हाला माती दिल्यावर कळतं."

जत्रा आली तोंडावर. आमच्या सरपंच व्लास्ताबाई, बोलणं कमी, काम जास्त. म्हणाल्या, "लुबोर, जत्रेचं आमंत्रण गावभर स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे. नाही गेलं तर हा डबा भंगारात, आणि किल्ली माझ्या टेबलावर."

किल्ली! मी लगेच खिसा चाचपून बघितला.

मी म्हटलं, यंत्र बदलायला नको, वरचा डेस्कटॉप बदलू. लिनक्सचं हेच तर सुख आहे ना, घर तेच ठेवायचं आणि दारं, खिडक्या, ओटा सगळं दुसरं बसवायचं. शनिवारी दुपारी एकटाच गेलो. सोबत सासऱ्यांच्या आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली, घशाला आधार म्हणून. हलकाफुलका डेस्कटॉप टाकला, संगणक पुन्हा सुरू केला, आणि काय सांगू, बटण दाबून खुर्चीत टेकेपर्यंत हजर! माइक चालू करून बघितला, नीट लागला.

आता शहाणा माणूस इथे उठून घरी गेला असता की नाही? पण लिनक्सवाला घरी जातो कधी? म्हटलं, मागचं चित्र तेवढं बदलू. मग म्हटलं, खालची पट्टी वर नेऊ. वर बरी दिसेना, डावीकडे नेली. मग ती छोटी चित्रं, एक हिरवं, एक निळं, एक लालभडक, सगळा भाजीबाजार. सगळ्यांना एकच राखाडी रंग दिला. काय शांत, काय सभ्य दिसायला लागलं हो!

त्यातलं लालभडक चित्र म्हणजे 'माइक चालू आहे' ही खूण होती. तेही आता सभ्य झालं होतं.

आणि मला कामात बोलायची सवय. संगणकाशीच बोलतो, दुसरं कोण ऐकतंय? म्हटलं, "राजा, आज लाज राख, नाहीतर व्लास्ता मला कार्यालयाबाहेर काढेल." म्हटलं, "ब्लाझेनाचं खरं आहे, मी हात लावतो तिथे घाण करतो, पण तिच्या तोंडावर नाही कबूल करणार." ब्लाझेना म्हणजे आमची ही. मग कीबोर्ड चिकट लागला म्हणून बाटलीतल्या दारूने पुसला आणि म्हटलं, "बाबांची यंदाची दारू याच लायकीची." मोरावियात माणसाच्या आईला बोला एक वेळ, दारूला बोलू नका. वर एक गाणंही म्हटलं. सगळी कडवी.

दार उघडलं. ब्लाझेना, कोपरापर्यंत पिठाचे हात. म्हणाली, "बंद कर."

"काय बंद करू?"

"तू बंद हो."

खिडकीतून बघतो तर अख्खा चौक वर मान करून उभा. बँडवाल्यांनी सराव थांबवलेला. मागून व्लास्ताबाई आल्या, त्यांच्या मागे द्राहोमिराबाई, पडदा बघून डोळे पुसत, "माझं सगळं कुठे गेलं? चालत होतं ना? मग हात कशाला लावला यांनी?" व्लास्ताबाईंनी नुसता हात पुढे केला. मी किल्ली काढून त्यावर ठेवली. तुम्हाला सांगतो, लग्नातही एवढा रडवेला झालो नव्हतो.

तेवढ्यात धापा टाकत सासरे हजर. "कुठाय जावई? माझी दारू पुसायच्या लायकीची काय रे?"

"बाबा, अहो ते..."

"थांब," व्लास्ताबाई म्हणाल्या. "आलोइसबाबा, तुम्ही घरी होतात?"

"मग काय चंद्रावर होतो?"

"आणि तुम्हाला ओढ्यापलीकडे हे ऐकू आलं?"

"शब्द न् शब्द! मधे एकदा शिंकलासुद्धा गाढव."

द्राहोमिराबाईंचा रुमाल नाकाशीच राहिला. मला काय झालंय ते कळायला जरा वेळच लागला. अहो, जिथे नुसतं घूं घूं जायचं त्या ओढ्यापलीकडे! शिंक!

दुसऱ्या दिवशी जत्रेला अख्खं गाव लोटलं, वरच्या टोकाचं, खालच्या टोकाचं, ओढ्यापलीकडचं. बँडने माझंच गाणं वाजवलं आणि लोकांनी सगळ्या कडव्यांसकट म्हटलं. सासऱ्यांनी सगळ्यांना पेला दिला, मला दोन दिले, म्हणाले, "कीबोर्डवाल्याला जास्त." ब्लाझेनाने माइक हातात देऊन तिच्याबद्दलचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. म्हटलं की! त्या दिवशी मी काहीही म्हटलं असतं. आणि मग व्लास्ताबाईंनी लाल फितीत ओवलेली किल्ली माझ्या गळ्यात घातली आणि कर्ण्यावरून जाहीर केलं, "किल्ली जन्मभर लुबोरकडे." काय टाळ्या पडल्या म्हणता!

टाळ्या थांबल्यावर पुढचं वाक्य म्हणाल्या. "आणि संगणकाला आता कोणी हात लावायचा नाही. लुबोरने तर नाहीच."

तेव्हा आता असं आहे. रोज सकाळी मी माझ्या किल्लीने कार्यालय उघडतो. द्राहोमिराबाई संगणकासमोर बसतात, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हात खिशात. परवा सहज म्हटलं, "एक नवीन डेस्कटॉप आलाय, फार सुंदर आहे म्हणतात. टाकायचा नाही हो, फक्त बघू..."

बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "चालतंय ना?"