गंजाखालचे घाव

आमी दिघीचेच, लोहार. आज्याचा भाता, मग आबाचा, मग माझा, ऐरण तीच. फाळाला पाणी द्यावं, विळ्याला धार लावावी, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी, हेच. आबा म्हंजी माझा बाप, हात सोन्याचा पण तोंडाचा कंजूष. माझी चाळिशी आली तरी बरं केलंस असं कधी म्हणाला न्हाई. काय सांगू तुमाला, त्या एका शब्दासाठी मी घण मारत राह्यलो.

मग ते मास्तर आले, पुण्याचे, सांगवीला खोली घेऊन राह्यलेले. मूर्ती करायचे, पण मूर्तीला ना तोंड ना हात. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत व्हता तिथलं टाकाऊ लोखंड, लष्कराच्या लिलावातलं, आमच्या अंगणातल्या मोडक्या धावा, सगळं आमच्या भात्यापाशी गोळा करायचे. कागदावर काय बी काढायचं न्हाई. तुकडे जमिनीवर मांडायचे, भवती फिरायचे, बोटानं ठोकून कान लावायचे, आठ-आठ दिस नुसतं बसायचे. मग मला म्हणायचे, रामभाऊ, हा तापवा, इथून पिळा. ताकद माझी, घाम माझा. म्या इचारलं, मास्तर, हे व्हणार काय. म्हणाले, ठाऊक नाही, लोखंड कुठं वळायला राजी आहे ते बघतोय. आन् आबा बिडी ओढत, मास्तरांकडं बोट करून म्हणतो कसा, ह्याला लोखंड कळतं. माझ्यादेखत. असा जळलो मी, त्या दिशी भाकर गिळली न्हाई.

ते लोखंड माणसाएवढं उभं झाल्यावर मास्तर त्याच्यावर रोज मिठाचं पाणी शिंपडायला लागले, मुद्दाम गंज चढवायला. लोहाराच्या दारात गंज, सांगा. चार महिन्यांत गुळाचा रंग आला. मास्तर गावाला गेले आन् आली खंडेनवमी. आमी त्या दिशी सगळी हत्यारं घासून पुजतो. म्या ऐरण घासली, घण घासले आन् त्याच हातानं ते बी विटेच्या भुकटीनं लख्ख केलं, तेल लावलं, कुंकू वाह्यलं. लोकांना म्हणालो, सणाला लोखंडावर गंज ठेवू न्हाई. खरं सांगतो, निम्मा सण व्हता, निम्मा माझा जळफळाट.

मास्तर आले, बघितलं, खालीच बसले. आबा जवळ आला. गंज गेल्यावर डाव्या अंगाला माझ्या घणाचे घाव उघडे पडले व्हते, त्यांवर हात फिरवून म्हणाला, हे कुणाचे. मास्तर म्हणाले, तुमच्या लेकाचेच की. आबानं परत हात फिरवला. बरे हायेत, म्हणाला. एवढंच.

मग मास्तर मला म्हणाले, रामभाऊ, आता गंज तुम्हीच चढवायचा. न्हाई म्हणायला तोंड व्हतं कुठं. चार महिने माझ्याच हातानं माझे घाव झाकले.

आता ते मुंबईला कुणा बड्या माणसाच्या बागेत उभं हाय, खाली मास्तरांचं नाव. आबा गेला. मी पिंपरीला कारखान्यात जातो, तिथं यंत्र ठोकतं, मी शेजारी उभा. देव मास्तरांना औक्ष देवो, माणूस वाईट न्हाई, पण त्यांचं नाव निघालं की माझ्या पोटात अजून दुखतं. तुमी मुंबईला गेलात आन् ते दिसलं, तर डाव्या अंगाला हात फिरवा. घाव डोळ्याला दिसायचे न्हाईत, हाताला लागतात.