शिंप्यानं शिवलेला गरुड

(कोरियातलं एक गाव. अमेरिकन लष्करी विमानतळाच्या फाटकासमोरचं शिलाईचं दुकान. म्हाताऱ्या माल-सुन मशीनवर आहेत, तालुका कचेरीतले प्यो कागद वाचून दाखवताहेत.)

प्यो : "…आणि तिसऱ्या तुकडीच्या बिल्ल्यावरचा गरुड हे पराक्रमाचं, तर त्यापुढचे तीन सूर्य हे तीन मोहिमांचं प्रतीक होय." संपलं. आज छापायला जातंय, आजी. परवा प्रदर्शनाचं उद्घाटन.

माल-सुन : सगळं आलं की हो. जपान्यांनी आमच्या सातूच्या शेतात धावपट्टी आखली ते आलं, अमेरिकनांनी लोखंडी पत्रे अंथरले ते आलं. कुठली तुकडी कधी आली, कधी गेली, मेजराचा कुत्रा कुठे पुरला तेसुद्धा आलं. माझा नवरा कुठाय?

प्यो : त्यांनी बिल्ला फक्त शिवला ना. चित्र मेजरसाहेबांचं.

माल-सुन : कसलं चित्र? मेजर इथं उभा राहिला, असे दोन हात पसरले आणि म्हणाला, मोठा पक्षी हवा. ह्यांनी जन्मात गरुड पाहिला नव्हता. खिडकीबाहेर पाहिलं, झाडावर जो बसला होता तो शिवला.

प्यो : कोण बसला होता?

माल-सुन : काच्ची.

प्यो : आजी! तो कावळ्याचा काळापांढरा भाऊबंद? लढाऊ विमानांच्या तुकडीच्या छातीवर?

माल-सुन : शेपूट बघा की. एवढी लांब शेपूट कुठल्या गरुडाला असते?

प्यो : त्या शेपटीवर मी अख्खं पान लिहिलंय! वेगाचं प्रतीक म्हणून! …आणि सूर्य?

माल-सुन : तीन-तीन सूर्य उगवतात होय तुमच्या कचेरीत? पर्सिमन आहेत ते, आपली गोल केशरी फळं. झाड उतरवताना शेंड्यावरची दोन-चार फळं काच्चीसाठी ठेवतो ना आपण? तुमच्या आईनं नाही ठेवली कधी?

प्यो : ठेवते. दर वर्षी. अरे देवा.

वेंडेल : (म्हातारा अमेरिकन, दारातून आत येत) नमस्कार, बाई. माझी पँट झाली?

माल-सुन : या, जावईबापू. बसा.

प्यो : बरे आलात! वेंडेलसाहेब, तुम्ही तिसऱ्या तुकडीत मेकॅनिक होतात. सांगा यांना, बिल्ल्यावर काय आहे?

वेंडेल : गरुड! हा बघा दंडावर, गोंदवलाय. लग्नाआधी सासऱ्यांना दाखवला. ते हसले. मग तीस वर्षं मी बाही वर केली की हसायचे. मला वाटायचं, किती आनंदी माणूस.

माल-सुन : बाही खाली घ्या, जावईबापू.

वेंडेल : का?

प्यो : काच्ची आहे तो. पुढे पर्सिमन.

वेंडेल : …सासऱ्यांना माहीत होतं?

माल-सुन : सगळ्या गावाला माहीत होतं.

वेंडेल : आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत!

माल-सुन : साठ बिल्ले शिवून झाले होते. मेजरानं विचारलं, हे गोळे कसले? परत पाठवेल म्हणून ह्यांनी ठोकून दिलं, सूर्य. मी रात्री भांडले, म्हटलं निदान पुढच्या बिल्ल्यांवरची फळं काढा. तर म्हणाले, राहू दे. खायला ठेवलं की पाखरू परत येतं. विमानं घेऊन वर जाणारी पोरं आहेत ती.

प्यो : आजी, हे फार छान आहे. पण अमेरिकेहून म्हातारे वैमानिक येताहेत परवा. त्यांना काय सांगू, कावळ्याचा भाऊबंद? माझी नोकरी जाईल.

वेंडेल : मी सांगतो त्यांना.

प्यो : चिडतील हो!

वेंडेल : चिडू देत. विमानं गेली की आम्ही मेकॅनिक धावपट्टीशी उभे राहायचो. मोजायचो. सगळी नाही यायची परत. तेव्हा सूर्य नको असतो कुणाला… कागद द्या. साक्षीदार म्हणून सही करतो. हवं तर दंडही प्रदर्शनात ठेवा.

प्यो : बरं. सूर्य खोडले. ही शेपूटही खोडली. "हा काच्ची पक्षी आणि त्याच्यासाठी राखलेली तीन फळं शिवली गावचे शिंपी…" आजी, यजमानांचं नाव सांगा.

माल-सुन : नाव?

प्यो : पूर्ण नाव. छापायचंय.

माल-सुन : छोन गिल-मान. …हळू लिहा हो. त्यांचं नाव मीही पहिल्यांदाच घेतेय.