दोन म्हशींची धार

शेवगावात लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात एंजेलाबाई नंबर लावून बसल्या होत्या. त्यांच्या पुढं एक मुलगी नि तिचे वडील तावातावानं बोलत होते.

"आप्पा, एसएसडी टाकून घेऊ. लॅपटॉप लगेच चालू व्हतो."

"आत्ता चालू व्हत न्हाई का?"

"व्हतो की! बटन दाबून गोठ्यात जाते, दोन म्हशींची धार काढून येते, तवा कुठं चालू व्हतो. निम्मा क्लास बुडतो माझा!"

"मग बरंच हाय. झटक्यात चालू झाल्यावर धार कोन काढंल?"

"दादा काढंल."

"त्याचा सकाळी अभ्यास असतो."

"आन् मी काय टाळ कुटत बसते?"

"दिशे, लोक बघत्यात."

"बघू द्या! भाऊ, तुमी एसएसडी टाका. आन् आप्पा, उद्या पहाटं बादली दादाच्या उशाला ठिवा."