इथे नका विकू

(एका गावातलं चहाचं दुकान.)

हेस्टर : बाबा, सकाळपासून हे तिसरं गाव. लडलोला किल्ला बघितला नाही, लेम्स्टरला चर्चच्या दारापर्यंतसुद्धा गेलो नाही. जुनी गावं हिंडायची म्हणून मला रजा काढायला लावलीस ना?

एड्विन : किल्ला काय पळून जातोय? आठ-नऊशे वर्षं तिथेच आहे.

हेस्टर : आणि तू गाव आलं की लोकांनी दान दिलेले कपडे विकणाऱ्या चॅरिटीच्या दुकानात शिरतोस. बायकांचे जुने कोट एकेक करून उलटेपालटे करतोस. लेम्स्टरची ती दुकानवाली अशी बघत होती आपल्याकडे! मी लाजेने अर्धी झाले. काय शोधतोयस तू?

एड्विन : चहा गार होतोय तुझा.

हेस्टर : होऊ दे.

एड्विन : आईचा हिरवा कोट.

हेस्टर : तो तर तू आपल्याच गावातल्या दुकानात देऊन टाकलास. आईला पुरून आठ दिवस झाले नव्हते. मला एक फोन केला नाहीस, बाबा. तिचा एक रुमाल ठेवला नाहीस माझ्यासाठी.

एड्विन : कपाट उघडलं की तो समोर. श्वासच घेता येईना मला. वाटलं, एकदाचं आटपून टाकावं. सगळं पिशव्यांत भरलं आणि नेऊन दिलं.

हेस्टर : मग त्यांनाच विचारायचं.

एड्विन : विचारलं. पण देताना मीच म्हणालो होतो, इथे नका विकू. बाजाराच्या दिवशी कुणी परकी बाई तो घालून समोर आली, तर मी काय करायचं? दुकानातल्या बाई म्हणाल्या, बरेच जण असंच सांगतात, आम्ही बाहेरगावच्या दुकानात पाठवतो. आता कुठल्या गावाला गेला ते त्यांनाही आठवत नाही.

हेस्टर : म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर...

एड्विन : धोंडा. हो. बोल, आणखी बोल.

हेस्टर : नाही बोलत. खा तो स्कोन. लोणी लावून देऊ?

एड्विन : हेस्टर, एकदम वळू नकोस. खिडकीजवळ त्या बाई बसल्यात ना, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर बघ.

हेस्टर : हिरवे कोट काय कमी असतात, बाबा?

एड्विन : शेवटचं बटण तपकिरी आहे. हिरवं मिळेना, म्हणून तुझ्या आईने माझ्या जुन्या जाकिटाचं काढून लावलं होतं.

हेस्टर : अरे देवा. थांब, मी मागते. आपण त्यांना नवा घेऊन देऊ, हवा तसला.

एड्विन : बस खाली. मी बोलतो.

(बाई निघायला उठतात. एड्विन त्यांच्या खुर्चीमागे जाऊन कोट उचलून धरतो.)

एड्विन : थांबा, मी धरतो.

बाई : अगंबाई! हल्ली कोण धरतं हो कोट? आमचे हे गेल्यापासून माझी मीच कसरत करते.

एड्विन : आधी डावा हात घाला. उजव्या बाहीचं अस्तर अडकतं.

बाई : अडकतंच मेलं! तुम्हाला कसं कळलं?

एड्विन : जुन्या कोटांचं असंच असतं.

बाई : जुना असेना का! इथल्याच दुकानात टांगलेला होता. अंगात घातला आणि वाटलं, कुणीतरी माझ्यासाठीच राखून ठेवलाय. खरं सांगते, ह्या हिवाळ्यात पहिल्यांदाच ऊब लागली.

एड्विन : कॉलर वर करून घ्या. बाहेर वारा आहे.

बाई : देव तुमचं भलं करो. येते हं!

हेस्टर : बाबा! गेल्या त्या! का नाही मागितलास?

एड्विन : त्यांना ऊब लागते गं.

हेस्टर : आणि आपण? मला तो घालायचा नव्हता, बाबा. बाहीत तोंड खुपसून एकदा, एकदाच, आईचा वास घ्यायचा होता.

एड्विन : मलाही. म्हणून तर धरला.

हेस्टर : मग?

एड्विन : धुतलाय, पोरी.